आवाज येतो का

शनिवारी, दुकान मिटायच्या बेताला
बोहुमीर स्कोपाल आत आले,
बुटांवरचा बर्फ दाराशी झटकत राहिले बराच वेळ,
कुणाच्या घरी आल्यासारखे.

गोल काचेच्या भांड्याशी थबकले. सगळेच थबकतात.
म्हटलं, ते नको. त्यात मासा जगत नाही,
फक्त मरायला वेळ लावतो.
हसले नाहीत. म्हणाले, मग केवढी?

सगळ्यांना सांगते तेच सांगितलं:
लहान टाकी सोपी, हा भ्रम आहे.
थोड्या पाण्यात चूक लगेच नासते,
जास्त पाणी माणसाला सांभाळून घेतं.
आणि उंच नको, लांबट घ्या,
माशांना जिने चढायचे नसतात.
साठ लिटर. तीस नको.

त्यांचे ओठ हलले. हिशेब चालला होता.
साठ पाण्याचे, दहा वाळूचे, बारा काचेचे,
चौथा मजला, खिडकीखालची भिंत भक्कम.
लिफ्ट बंद असते, पण नळ आहे वर.
मग स्वतःशीच:
हल्ली पाणी आपणहून वर येतं.

फिल्टरची मांडणी दाखवली.
काठाला टांगायचा, आत चिकटवायचा,
टेबलाखाली लपवायचा डबा.
खोक्यावर शंभर लिटर लिहिलं असेल
तर साठ समजावं,
खोकी फुशारकी मारतातच.
सगळ्यात महागाचा त्यांच्या हातात दिला:
उशाशी ठेवा, चालू आहे की बंद
कळणारसुद्धा नाही.

त्यांचा चेहरा उतरला.
दुसऱ्याची वस्तू चुकून उचलली होती
तसा परत ठेवला फळीवर.
आवाज येणारा आहे का एखादा?

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
लोक उलटंच विचारतात.

मग ते बोलले, माझ्याशी नाही,
काउंटरवरच्या वाळूच्या पिशवीशी.
एकतीस वर्षं खाणीतलं पाणी उपसलं.
सहाशे मीटर खाली, रात्रंदिवस पंप.
त्या घरघरीत जेवायचो,
त्यातच डुलकी काढायचो.
जाग यायची ती
पंप थांबला की.
एकदा थांबला होता.

पुढे काही नाही. मीही विचारलं नाही.
बाहेरून ट्राम गेली, काचा जराशा थरथरल्या,
आणि टाक्यांमधलं सगळं पाणी.

आता घरात फार शांत असतं, म्हणाले.
सारखी जाग येते.

मागच्या फळीवरून धूळ बसलेला काढला:
स्पंजाचा फिल्टर, हवेचा छोटा पंप,
दुकानातला सगळ्यात स्वस्त.
बादलीत सोडून चालू केला.
गुडगुड, थोडी कुरकुर, परत गुडगुड.
मान कलती करून ऐकलं त्यांनी.
जरा धाप लागते याला, म्हणाले,
पण खोटं बोलत नाही.
दोन द्या. पंप एकटा नसावा.

मासे आज नाहीत, मी बजावलं.
चार-पाच आठवडे टाकी रिकामी चालवायची.
डोळ्यांना न दिसणारं काहीतरी
त्या स्पंजात वस्तीला येतं, घाण खातं.
स्पंज नळाखाली धुवायचा नाही कधी,
टाकीच्याच पाण्यात पिळायचा,
नाहीतर सगळी वस्ती वाहून जाईल.

बोहुमीर स्कोपालनी मान हलवली.
म्हणजे पहिली पाळी खाली उतरते,
वर कुणाला दिसत नाही.
हो, म्हटलं. तसंच.

मार्चच्या अखेरीस परत आले.
मी सहा मासे त्यांच्यासाठी वेगळे काढलेले,
तांबूस, करंगळीच्या पेरापेक्षा लहान.
घेईन की, म्हणाले, घाई काय आहे.
झोप?
मंगळवारी
उजाडल्यावरच कळलं.

मग खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला.
नळीला एकमार्गी झडप द्यायची राहिली तुमची.
पंप टाकीच्या खाली ठेवलाय,
वीज गेली
की पाणी नळीतून उलटं येईल.

खरंच, विसरले होते मी.
झडपेचे पैसे घेतले नाहीत,
त्यांनी मात्र नाणी मोजून काउंटरवर ठेवली,
एकेक, सरळ रांगेत.